बीपीटी छोट्या विद्यापीठात करावी का? आधी ओपीडीच्या बाकावर बसून ये

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव खानापूर तालुक्यात, दहावी मराठी शाळेत, बारावी सायन्स बेळगावात. एमबीबीएसइतके मार्क नाहीत. घरापासून जवळच एका छोट्या विद्यापीठात बीपीटीची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, जागा मिळतेय. पण मामा म्हणतात, छोट्या विद्यापीठाचा कागद घेऊन करणार काय, शेवटी मालिशच ना; त्यापेक्षा पुण्याला जा, नाहीतर सरळ बीएस्सी कर. मध्येच कुणीतरी ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच थेरपीचंही डोक्यात घातलंय. कन्नड फारसं येत नाही, ही भीती तू शेवटच्या ओळीत हळूच लिहिली आहेस. आणि हा विषय डोक्यात आला तो आईच्या गुडघेदुखीमुळे.

मी बेळगावात बावीस वर्षं फिजिओथेरपी करतेय. अलीकडे इंटर्न मुलं-मुलीही हाताखाली असतात. मी स्वतः छोट्याच कॉलेजात शिकले, पंचवीस जणांची बॅच. त्यामुळे माझा तराजू थोडा त्या बाजूला झुकलेला असणार, हे धरूनच पुढचं वाच.

छोटं की मोठं, हा तुझा खरा प्रश्न नाही. चार-पाच वर्षांत तुझ्या हाताखालून किती पेशंट जाणार, कोणत्या प्रकारचे जाणार, आणि त्या वेळी शेजारी उभं राहून 'अगं तिथे नाही, दोन बोटं खाली' असं सांगणारं कुणी असणार का, खरा प्रश्न हा आहे. एक उदाहरण देते. खांदा आखडलेला पेशंट येतो, तू त्याचा हात बाहेरच्या बाजूला फिरवतेस, आणि एका जागी तो अडतो. सांध्याचं आवरण आखडलं असेल तर अडणं चामडं ताणल्यासारखं लागतं. हाडाला हाड भिडलं तर टणक, एकदम. आणि पेशंटनेच घाबरून धरून ठेवलं असेल तर तिसरंच काहीतरी, स्नायू मध्येच झटका देतो. पुस्तकात याला 'एंड फील' म्हणतात आणि त्यावर जेमतेम अर्धं पान असतं. मला ते पन्नासएक खांदे फिरवल्यावर कळायला लागलं, आणि तेही मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवून फिरवलं म्हणून.

छोट्या ठिकाणी हे जमण्याची शक्यता जास्त असते, कारण एका खाटेभोवती चार-पाचच विद्यार्थी असतात. एमपीटीला, म्हणजे पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाला, मी मोठ्या शहरात गेले तेव्हा एका पेशंटभोवती बारा जण उभे. मागच्या रांगेतल्याला पेशंटचे पायसुद्धा दिसत नसत. पण तिथे मी जे बघितलं ते बेळगावच्या माझ्या कॉलेजात चार वर्षांत बघितलं नव्हतं: भाजलेल्यांचा स्वतंत्र वॉर्ड, मज्जारज्जूला मार लागलेल्या तरुण पोरांची अख्खी रांग, काचेच्या पेटीतल्या किलोभराच्या बाळाची छाती मोकळी करणं. छोट्या ठिकाणी हात लवकर बसतो आणि नजर अरुंद राहते. मोठ्या ठिकाणी बऱ्याचदा उलट. नजर पुढे इंटर्नशिपमध्ये किंवा एमपीटीला रुंद करता येते. कच्चा राहिलेला हात मात्र नंतर कुणी हाताला धरून शिकवत नाही.

पण एक मोठा 'जर' आहे. छोटं विद्यापीठ स्वतःच्या चालत्या हॉस्पिटलाला जोडलेलं असेल तरच हे सगळं खरं. शेजारी मेडिकल कॉलेज असेल तर उत्तमच. मग शवविच्छेदन खऱ्या देहावर होतं, ऑर्थोपेडिकचे पेशंट ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे येतात, आयसीयूत पोस्टिंग मिळतं. बेळगावात केएलईचं अभिमत विद्यापीठ २००६ पासून आहे, त्याचं मेडिकल कॉलेज त्याच्या कितीतरी आधीचं, १९६३चं. विजयपूरलाही मेडिकल कॉलेजभोवती उभं राहिलेलं अभिमत विद्यापीठ आहे. याउलट काही ठिकाणी नुसती चकचकीत इमारत असते आणि हॉस्पिटल असतं ते करारातल्या कागदावर. एका अशाच कॉलेजात मी प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक म्हणून गेले होते. नाव विचारू नकोस. परीक्षेसाठी 'अर्धांगवायूचा पेशंट' म्हणून जो माणूस खाटेवर झोपवला होता, त्याने सकाळी मला गेटवर सलाम ठोकला होता. वॉचमन. बिचाऱ्याने डावा हात मन लावून वाकडा धरला होता, मध्ये माशी बसली तेव्हा त्याच हाताने हाकलली. परीक्षा देणाऱ्या मुलीने तरीही 'टोन (स्नायूंचा ताण) वाढलेला आहे' असं लिहिलं, कारण तिने वाढलेला टोन कधी हाताला लावून बघितलाच नव्हता.

आता मामांचं मालिश. त्यांना दोष देत नाही. आपल्याकडे लोक फिजिओकडे जातात ते 'शेक घ्यायला', 'लाईट घ्यायला' नाहीतर 'करंट लावायला'. माझ्याकडे आजही पेशंट खुर्चीत बसायच्या आधी मशीनकडे बघतात. व्यायाम शिकवला तर म्हणतात, "हे तर घरीपण होतंय की!" होय, घरीच करायचं असतं ते. कोणता व्यायाम, किती, आणि कुणाला अजिबात द्यायचा नाही, हे ठरवण्यासाठी शिकायचं असतं.

माझीच एक चूक सांगते, मामांनाही वाचून दाखव. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी पस्तिशीतला एक माणूस आला, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. पाठ दुखते म्हणाला. फाउंड्रीतली पाठ म्हणजे उचलाउचलीची, हे मी त्याने शर्ट काढायच्या आधीच ठरवून टाकलं. तीन आठवडे शेक, करंट, पाठीचे व्यायाम. फरक पडेना, उलट रात्री झोप येईना. एके दिवशी त्याची बायको सोबत आली होती, ती सहज म्हणाली, "संध्याकाळचं अंग कोमट लागतंय हो यांचं, आणि सगळ्या पँटी कमरेत ढिल्या झाल्यात." माझ्या पोटात गोळा आला. त्याच दिवशी हाडाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मणक्याचा टीबी निघाला. औषधं लागू पडली, माणूस बरा झाला, पुन्हा कामालाही लागला. पण त्याचे तीन आठवडे माझ्यामुळे गेले. संध्याकाळचा ताप, घटलेलं वजन, झोपूनही न थांबणारं रात्रीचं दुखणं, हे तिन्ही प्रश्न मला तिसऱ्या वर्षाला पाठ होते. विचारले नाहीत, एवढंच. चांगलं कॉलेज म्हणजे जिथे हे प्रश्न न विचारता पेशंटला हात लावलास तर तुला तिथल्या तिथे बाहेर काढतात ते.

ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच थेरपीबद्दल. दोन्ही चांगले, आणि आपल्या भागात दोन्हींची माणसं इतकी कमी आहेत की नीट शिकून परत आलेल्याला काम शोधावं लागणार नाही असं माझं मत आहे. फरक कसा ओळखायचा? पक्षाघातातून उठलेली एक बाई माझ्याकडे होती, वडगावची, घरात दोन यंत्रमाग. चार महिन्यांत तिचा उजवा हात डोक्यापर्यंत जायला लागला. मी खूश. ती नाही. म्हणाली, "हात वर गेला बाई, पण निऱ्या घालता येईनात. सूनबाईला हाक मारावी लागते रोज." मी खांद्याचे अंश मोजत होते, ती निऱ्या मोजत होती. ऑक्युपेशनल थेरपिस्ट पहिल्या दिवसापासून निऱ्यांचाच विचार करते: चिमटीत कापड धरणं, बोटं एकेक सुटी करणं, नाहीच जमलं तर शिवलेल्या निऱ्यांची साडी. भारतात या विषयाची सुरुवात आपल्याच मुंबईत झाली, १९५० साली केईएम रुग्णालयात, कमला निंबकर या मूळच्या अमेरिकन, लग्नाने मराठी झालेल्या बाईंनी केली. १९५२ मध्ये या विषयाचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा पहिल्या दहा देशांत भारत होता. एवढी जुनी परंपरा, आणि तरीही ऑक्युपेशनल थेरपिस्टला बघून आमच्या गल्लीत विचारतील, "म्हणजे नक्की काय करता?" कॉलेजं मोजकीच. मुंबईत केईएम, सायन, नायर, नागपुरात शासकीय महाविद्यालय, आपल्या कर्नाटकात मणिपाल. म्हणजे हा रस्ता धरलास तर घर सोडावंच लागेल.

स्पीच आणि ऑडिओलॉजीसाठी, म्हणजे बीएएसएलपीसाठी, मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासूनची आहे, मुंबईत अली यावर जंग संस्था आहे. ही पदवी भारतीय पुनर्वसन परिषदेच्या १९९२च्या कायद्याखाली येते. परिषदेच्या नोंदवहीत नाव आणि सीआरआर क्रमांक (तिथला नोंदणी क्रमांक) नसेल तर प्रॅक्टिस करता येत नाही. कृत्रिम अवयव बनवणाऱ्यांचंही तसंच. म्हणून असा कोर्स एखाद्या छोट्या विद्यापीठात दिसला तर विद्यापीठाचं नाव बघून थांबू नकोस, त्या कोर्सला त्या वर्षाची परिषदेची मंजुरी आहे का ते परिषदेच्या संकेतस्थळावर बघ. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी मात्र या परिषदेखाली येत नाहीत. त्यांच्यासाठी २०२१चा वेगळा केंद्रीय कायदा आहे, संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांचा. हा घोळ ॲडमिशनच्या टेबलावर बसलेल्यांनाही नीट माहीत नसतो.

या नव्या कायद्यामुळे अभ्यासक्रमही बदलतोय. आम्ही शिकलो तेव्हापासून बीपीटी साडेचार वर्षांची: चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप. २०२५ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिप वर्षभराची आहे, एकूण पाच वर्षं. तुझ्या बॅचला कोणता लागू होणार, ते तोंडी विचारू नकोस, लेखी घे. घरच्या खर्चाचा हिशेबही पाच वर्षांचाच धर.

कन्नडबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण तुझी भीती बरोबर आहे पण दिशा चुकलेली आहे. कन्नड परीक्षेसाठी लागत नाही, शिकवणं आणि पेपर इंग्रजीत असतात. कन्नड लागतं खाटेपाशी. आणि तिथे पुस्तकी कन्नड चालत नाही. पुस्तकात वेदनेला 'नोवु' म्हणतात, पण गोकाक-अथणीकडचा शेतकरी म्हणतो 'ब्यानी'. तळपाय जळतात याला तो 'उरी' म्हणतो, आणि मधुमेहाच्या पेशंटच्या तोंडून हा शब्द आला की मी आधी नसा तपासते. "हात वर उचला" हे "कै म्याल एत्तरी" असं त्याच्याच सुरात म्हटलंस की खांदा आपोआप थोडा सैल पडतो. सहा महिन्यांत येतं एवढं. माझ्या इंटर्नमध्ये बंगळूरकडची एक मुलगी होती, तिला उलटी अडचण, मराठी येत नव्हतं. खानापूरकडची एक आजी तिला सांगतेय "चमक निघते", आणि ती लिहितेय 'पेन'. झालं, संपलं. अगं, आपल्या मराठीत दुखण्याला केवढे शब्द आहेत! चमक निघते, मुंग्या येतात, ठणकतं, कळ लागते, भगभगतं, अवघडलंय, उसण भरलीय, बधिर झालंय. चमक कमरेतून पायात गेली तर नस दबली असावी असं वाटायला लागतं. ठणका म्हटलं की सूज बघायची. सकाळी उठल्यावर अवघडतं आणि चाललं की मोकळं होतं म्हटलं तर सांध्याकडे बघायचं. एका शब्दाने निदान होत नाही, पण हात कुठे ठेवायचा ते कळतं. हा कान तुझ्याकडे जन्मापासून आहे, पुण्याहून आलेल्या मुलीकडेही असेल, पण 'ब्यानी' ऐकणारा दुसरा कान तुला इथेच मिळेल. माझ्या ओपीडीत निम्मे मराठी, निम्मे कन्नड, काही उर्दू बोलणारे. व्यायामाचा छापील कागद इंग्रजीत असतो, तो कुणीच वाचत नाही. मी काड्यांची माणसं काढून देते.

इंग्रजीचा त्रास पहिल्या वर्षी होईल, ॲनाटॉमीत जास्त. रडू येईल एखाद्या रात्री. शब्दांची फोड शोधत जा. मांडीवरून तिरका उतरणारा लांब स्नायू सार्टोरियस, म्हणजे लॅटिनमध्ये शिंप्याचा. का? मांडी घालून बसायला तो लागतो, आणि जुने शिंपी मांडी घालून शिवायला बसत. मला तो शहापूरच्या एका म्हाताऱ्या शिंपीकाकांमुळे लक्षात राहिला, आजतागायत विसरले नाही.

छोट्या विद्यापीठांची आणखी एक गोष्ट मला आवडते, ती म्हणजे गावात जाणं. खेड्यातली शिबिरं, घरभेटी. शहरातल्या मोठ्या कॉलेजात हे कधीकधी फोटोपुरतं असतं. जांबोटीकडच्या एका घरी मी इंटर्न असताना गेले होते. हॉस्पिटलातून वॉकर देऊन पाठवलेले आजोबा, तिथे गुळगुळीत फरशीवर छान चालत होते. घरी उंबरठा वीतभर उंच, आतली जमीन सारवलेली आणि उतरती, संडास बाहेर आणि उकिडवं बसायचा. वॉकर कोपऱ्यात उभा, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. त्या दिवसापासून पेशंटला सोडताना मी 'किती मीटर चालता' याच्या आधी 'उंबरठा किती उंच आहे' विचारते.

पैशाचं थोडक्यात. माझा पहिला पगार साडेचार हजार होता, २००३ साली. आजही सुरुवात अशीच जेमतेम असते, त्यावर दुमत नाही. सरकारी जागा थोड्या. जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांच्या तपासणी-उपचार केंद्रांत फिजिओ, स्पीचच्या जागा असतात, त्यांच्यावर लक्ष ठेव. स्वतःचं बस्तान बसायला चार-पाच वर्षं जातात. घरी जाऊन उपचार देणाऱ्यांचं लवकर बसतं, पण पाय दुखतात. परदेशाचा विचार असेल तर तिथे विद्यापीठाच्या नावाइतकेच, कधी त्याहून जास्त, अभ्यासक्रमाचे आणि क्लिनिकलचे तास बघतात, म्हणून पहिल्या वर्षापासून लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, सही-शिक्क्यानिशी पूर्ण ठेव.

महाराष्ट्रात जायचंच ठरलं, तर तिथे फिजिओच्या पदवीलाही प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतो, आणि सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी एमकेबी (महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डर) नावाने मोजक्या जागा राखीव ठेवलेल्या असतात. तुझं गाव यादीत आहे का ते बघ आणि दाखल्याची धावपळ निकालाच्या आधी सुरू कर. आमच्या ओळखीतल्या एका मुलाची जागा केवळ दाखला उशिरा मिळाल्याने गेली.

मग तू काय करावंस? तू लिहिलेल्यावरून मला वाटतं, विद्यापीठाला चालतं हॉस्पिटल असेल तर इथेच शीक आणि एमपीटीला बाहेर जा. नसेल तर पुणं काय, मिरज काय, कुठेही जा पण तिथे राहू नकोस. एक अपवाद: निऱ्यांची गोष्ट वाचताना तुला माझ्यापेक्षा त्या बाईचं जास्त पटलं असेल, तर ऑक्युपेशनल थेरपीचा गंभीरपणे विचार कर, घर सोडावं लागलं तरी.

आणि हॉस्पिटल चालतं की नाही ते माहितीपत्रकावरून ठरवू नकोस. बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी दहाला तिथे जा. सोमवारी जाऊ नकोस, सोमवारी सगळ्याच ओपीडी भरलेल्या दिसतात. फिजिओच्या ओपीडीबाहेर बाकावर दोन तास बस आणि मोज. किती आले, त्यातले पाठ-गुडघे सोडून किती, व्हीलचेअरवर किती, लहान मुलं किती. विद्यार्थी पेशंटपाशी आहेत की कॅन्टीनमध्ये. सोबत आईला ने, आणि तिच्या गुडघ्याचा केसपेपर काढ. तिला कोण तपासतं बघ. आधी विचारतात की आधी मशीन लावतात, दुसरा गुडघा बघतात का, चालायला लावतात का, घरी संडास कसा आहे विचारतात का, आणि तपासणारा विद्यार्थी असेल तर त्याच्या मागे कुणी उभं आहे का. घरी येताना बसमध्ये आईला विचार, उद्या परत जाशील का म्हणून.